शिजलेलं शिजवताना

"म्हणजे हे आधीच शिजलेलं आहे?"

नऊ पौंडांचा, म्हणजे चार किलोंहून थोडा जास्त भरणारा तो लालसर गठ्ठा ओट्यावर ठेवून आत्याने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हो. शिजलेलं, धुरावलेलं, सगळं झालेलं. पाकिटावर लिहिलंय."

"मग नाताळच्या दिवशी तू काय करणार?"

"गरम."

हा शब्द आत्याच्या घरात रात्रीच्या उरलेल्या आमटीसाठी वापरतात. तिने पदराला हात पुसले आणि काहीच बोलली नाही. वसईहून ती पहिल्यांदाच माझ्याकडे, व्हर्जिनियातल्या रिचमंडला आली होती. ती गप्प बसली म्हणजे विषय संपला असं मी धरून चालले. विषय तिथून तीन दिवस चालला.

आत्याचा नाताळ 22 डिसेंबरला चुलीवर चढतो. डुकराचं मांस उकडायचं, त्याचे बोराएवढे तुकडे करायचे, ते त्याच्याच चरबीत परतायचे, शिरक्यात वाटलेला मसाला घालायचा. मग सोरपोतेलाचं ते भांडं रोज एकदा उकळी आणून झाकून ठेवायचं. 24 तारखेच्या मध्यरात्रीच्या मिस्सेहून घरी आल्यावर झाकण निघतं. त्याआधी कुणी चमचा घातला तर हातावर चापट. या बाईसमोर मी दुकानातून शिजवून आणलेली तंगडी ठेवली होती, आणि ती भट्टीत ढकलण्याला नाताळचं जेवण म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर ती म्हणाली, "स्वयंपाक म्हणजे कच्च्याचं पक्कं करणं. तू पक्क्याचं काय करणार?"

"पक्क्याचं चामडं होऊ शकतं, आत्या. ते होऊ न देणं हाच यातला स्वयंपाक."

"हे वाक्य तू कुठंतरी वाचलंयस."

वाचलं नव्हतं, पण तयार करून ठेवलं होतं, हे खरं.

"इथे कच्ची तंगडी मिळत नाही?"

"मिळते. मागची अख्खी तंगडी, मीठही न लावलेली. तिला फ्रेश हॅम म्हणतात. पण ती भाजली की भाजलेलं डुकराचं मांसच होतं. आतून करडट-पांढरं. हॅमचा तो रंग नाही, ती चवही नाही. हॅम हे आधी मुरावं लागतं."

'मुरणं' म्हटल्यावर आत्याने कप खाली ठेवला. लोणचं मुरतं, मुरांबा मुरतो, तिचं सोरपोतेल मुरतं. हा शब्द तिच्या राज्यातला.

"कशात मुरतं?"

"मिठाच्या पाण्यात. त्यात साखर, आणि थोडं नायट्राइट. कारखान्यात ते पाणी सुयांनी थेट मांसात सोडतात, म्हणजे आठवड्यांचं काम दिवसांत होतं. गुलाबी रंग त्या नायट्राइटचा. मांसातल्या लाल द्रव्याशी त्याचा संयोग होतो आणि शिजवल्यावरही रंग टिकतो. हॅल्डेन नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने 1901 साली हे दाखवून दिलं. पण रंग ही वरकड कमाई. खरं काम म्हणजे बोट्युलिझमचे जंतू वाढू न देणं."

"मग ते नायट्राइट घरी आणू. तंगडी आणू. मी मुरवते."

मला हीच भीती होती. घरी करता येत नाही असं नाही, इथे हौशी लोक करतात. पण फ्रीजमध्ये आठवडा-दहा दिवस लागतात आणि आमच्या हाती दोन होते. शिवाय त्याचं एक खास मीठ असतं, साध्या मिठात 6.25 टक्के सोडियम नायट्राइट मिसळलेलं. साध्या मिठाशी गल्लत होऊ नये म्हणून ते मुद्दाम गुलाबी रंगवतात.

"गुलाबी मीठ? ते मी आणलंय की! उपासाचं."

"ते सैंधव, आत्या! त्याचा याच्याशी काही संबंध नाही. आणि हे सैंधवासारखं चिमूटचिमूट टाकायचं नसतं, मांसाच्या वजनावर तोलून घालायचं असतं. जास्त झालं तर विष."

"विष घातलेलं मांस तू पोराबाळांना वाढणार."

इथे मला सरळ उत्तर सुचलं नाही. कारखान्यात प्रमाणाला कायद्याची मर्यादा आहे हे खरं. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 साली असं मुरवलेलं, खारवलेलं, धुरावलेलं मांस कर्करोगाला कारण ठरणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं, हेही खरं. रोज सकाळी पावात घालून खाणं आणि वर्षातून एकदा नाताळला खाणं यात फरक आहे, एवढंच मी म्हणाले. आत्या म्हणाली, "बाटलीवालेही असंच म्हणतात."

नंतर तिने चष्मा चढवून पाकीट वाचायला घेतलं. इंग्रजी ती सावकाश वाचते, पण भाजीवाल्याच्या तराजूकडे बघावं तशा नजरेने वाचते.

"यावर 'नैसर्गिक रसासह' असं लिहिलंय. रस कुणाचा?"

"मिठाचं पाणी जे आत राहिलं, त्याचा."

"म्हणजे पाणी."

अमेरिकन कायद्याने या पाण्याची वर्णव्यवस्था ठरवून दिली आहे. चरबी वगळून मोजल्यावर मांसात निदान 20.5 टक्के प्रथिनं असतील तरच नुसतं 'हॅम' म्हणता येतं. 18.5 टक्के असतील तर 'नैसर्गिक रसासह हॅम'. 17 टक्के असतील तर 'पाणी मिळवलेलं हॅम'. त्याहून खाली गेलं की नाव होतं 'हॅम आणि पाणी यांचा पदार्थ', आणि पाणी किती टक्के ते छापावं लागतं. मी हे समजावून सांगितलं तेव्हा आत्या पहिल्यांदा मनापासून हसली.

"आमचा गवळीपण तेच करायचा. फक्त कॅनवर लिहायचा नाही."

मी आणलेलं दुसऱ्या वर्णाचं होतं. हाडासकट, नळीकडचा अर्धा भाग, न कापलेला. आधीच कापलेलं मुद्दाम टाळलं होतं. ते कापणं मोठं गमतीचं असतं. हाडाभोवती चकलीसारखी एकच सलग काप फिरत जाते, आणि ताटात वाढताना सुरी लागत नाही. हॅरी होन्सेलार नावाच्या माणसाने तसं कापणारं यंत्र बनवलं आणि 1957 साली डेट्रॉइटमध्ये त्यावर दुकान थाटलं. पहिलं यंत्र म्हणे धुण्याच्या यंत्राच्या मोटरपासून जुळवलेलं होतं. वाढायला उत्तम, पण भट्टीत घातलं की प्रत्येक फट ही रसाला बाहेर जायची वाट. माझ्या मते ते थंडच खावं. आत्या म्हणाली, "आणि हे तुझं न कापलेलं गरम खावं. म्हणजे कामाची वाटणी अशी. कापायचं त्यांनी की कापायचं तू, एवढाच प्रश्न."

तिच्या टोमण्यात जीव होता. तो कुठून आला तेही मला माहीत होतं. आदल्या शनिवारी मीच तिला गाडीने दीड तासावरच्या स्मिथफील्डला नेलं होतं.

स्मिथफील्ड हे पेगन नदीकाठचं छोटं गाव. 1926 साली व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने कायदा केला की 'अस्सल स्मिथफील्ड हॅम' म्हणायचं तर ते या गावाच्या हद्दीतच मुरलेलं हवं. डुकरंही व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायना इथल्या भुईमुगाच्या पट्ट्यातली, शेंगा खाऊन वाढलेली हवीत, असंही त्यात होतं. पुढे शेंगांची अट गेली, गावाची राहिली. हे हॅम पाण्यात मुरवत नाहीत. तंगडीला कोरडं मीठ चोळतात, मग धूर देतात, मग महिनोन्‌महिने टांगून ठेवतात. तिथल्या संग्रहालयात काचेच्या पेटीत 1902 सालचं एक हॅम आहे, आखडून काळंठिक्कर पडलेलं. कोठीत टांगलेलं ते विसरून राहिलं होतं. ग्वाल्टनी नावाच्या तिथल्या हॅमवाल्याने मग त्याच्या गळ्यात पितळी पट्टा घातला आणि पाळीव कुत्रा फिरवावा तसं ते लोकांना दाखवत फिरला. न सडता टिकतं, ही जाहिरात. आता त्याच्यावर चोवीस तास कॅमेरा लावलेला आहे.

आत्या त्या पेटीसमोर बराच वेळ उभी होती. इतर पर्यटक हसत होते, ती हसली नाही. "मीठ नीट बसलंय," एवढंच म्हणाली.

त्याच गावात एका दुकानात असंच मुरवलेलं, पण अर्थात यंदाचं हॅम विकायला टांगलं होतं. वरून पांढरट बुरशी. दुकानदारीण सांगत होती की ब्रशने घासून धुवायचं, निदान एक दिवस-रात्र पाण्यात भिजवायचं, मधेमधे पाणी बदलायचं, मग मंद आचेवर उकडायचं आणि कागदासारखे पातळ काप काढायचे. मी भाषांतर करायला तोंड उघडलं, तर आत्या म्हणाली, "समजलं. खारा बांगडा."

आणि खरंच ते तसंच आहे. पावसाळ्याच्या तोंडावर कोकणातलं घर जे करतं तेच व्हर्जिनियातलं घर हिवाळ्याच्या तोंडावर करायचं. थंडी सुरू झाली की डुक्कर कापायचं, काही ताजं खायचं, उरलेलं मिठात. वसंतात मीठ आतवर पोचायचं, तेव्हा ईस्टर आलेला असायचा. म्हणून ईस्टरच्या टेबलावर हॅम. नाताळच्या हॅमची मुळं आणखी उत्तरेकडची. स्वीडनमध्ये आजही नाताळचं हॅम उकडून वर मोहरी आणि पावाचा चुरा लावून भाजतात. मिठाचा शोध कुणा एकाचा नाही, टंचाईचा आहे. हे मी मोठ्या जोरात सांगत होते, आणि आत्या काउंटरवर एक छोटा तुकडा मागून घेऊन चघळत होती.

तर 23 तारखेला तिने तेच काढलं. "तिथलं मुरवलेलं होतं. हे टोचून फुगवलेलं आहे. तिथे वर्ष, इथे चार दिवस. आणि उरलेली चव तू साखर फासून आणणार."

"साखर चव आणायला नाही. खारटाला धार काढायला. पुण्यात आमटीत गूळ घालतात तसं."

"म्हणून मी पुण्यात आमटी खात नाही."

24ला दुपारी तिने नवा मुद्दा काढला. भारतीय दुकानातून तिने कोल्हापुरी गुळाची ढेप आणवली होती. माझ्या मापात एक वाटी ब्राउन शुगर, पाव वाटी तिखट मोहरीची चटणी, दोन मोठे चमचे शिरका, मिरपूड. तिने डब्यातली साखर बोटाने चाखली आणि म्हणाली, "ही पांढरीलाच मळी चोळलेली आहे." बरोबर होतं. बहुतेक ब्राउन शुगर अशीच बनते. मग गुळाचा पाक ठरला. यात मी काही सोडून दिलं असं मला वाटत नाही. गुळाला जो किंचित खारट, मातकट मागमूस असतो तो डुकराच्या चरबीला साखरेपेक्षा शंभर पटीने शोभतो, हे आता मी तिच्या वतीने भांडून सांगेन.

अननसाच्या चकत्या आणि लाल चेरी लावायच्या का, यावर आमचं दोघींचं एकमत झालं. नाही. जेम्स डोल यांनी 1901 साली हवाईत कंपनी काढून डब्यातला अननस अमेरिकेच्या घराघरांत पोचवला, तेव्हापासून हॅमवर तो दागिना चढला. आत्या म्हणाली, अननस पोर्तुगिजांनी आपल्याकडे आणला, नावही तेच ठेवलं, पण मांसावर खिळ्यांनी ठोकून ठेवा असं त्यांनी सांगितलं नव्हतं.

नाताळच्या सकाळी मी हॅम दोन तास आधी बाहेर काढलं आणि वरच्या चरबीवर सुरीने तिरप्या रेघा ओढायला घेतल्या. पाव इंच खोल, चरबीपुरत्या. मांसाला सुरी लागली तर रस तिथूनच जातो. एका दिशेने ओढून झाल्या, दुसऱ्या दिशेने सुरू केल्या, तेवढ्यात आत्याने माझ्या हातातून सुरी घेतली.

"शंकरपाळे असे पाडतात होय? सगळे वाकडे."

तिने पाडलेले शंकरपाळे एकसारखे होते. प्रत्येकाच्या मध्ये एक लवंग टोचायची म्हटल्यावर तिला नवल वाटलं नाही. वसईच्या पानमळ्यांत वाढलेली बाई ती, विड्याला लवंग टोचणं तिला शिकवावं लागत नाही. फक्त, "खाताना काढायच्या का?" असं तिने विचारलं. काढायच्या. नाहीतर दाताखाली येते आणि जेवण संपेपर्यंत जीभ बधिर.

मग कापलेली बाजू खाली करून हॅम परातीत, तळाला पेलाभर पाणी, वरून ॲल्युमिनियमचा कागद घट्ट. भट्टी 325 फॅरनहाइट, म्हणजे 163 सेल्सिअस. पौंडाला 18 ते 24 मिनिटं, तेव्हा एकूण पावणेतीन ते साडेतीन तास. याचं कारण साधं आहे. एकदा शिजलेल्या मांसाचे तंतू आधीच आवळलेले असतात. पुन्हा तापवलं की आणखी आवळतात आणि उरलंसुरलं पाणी पिळून टाकतात. म्हणून घाई नाही, कोरडी हवा नाही.

"आणि पाक?"

"शेवटची वीस-पंचवीस मिनिटं."

"तीन तास नुसतंच ठेवायचं? आताच लाव, म्हणजे आत मुरेल."

"काही मुरत नाही. चरबीतून पाक आत जात नाही, वर बसतो आणि करपतो. साधी साखर 160-170 सेल्सिअसला करपायला लागते, फळातली आणि मधातली त्याच्या कितीतरी आधी. गूळ तर आणखी उतावळा."

हे ज्ञान फुकटचं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळला मी मध घालून केलेला पाक पहिल्यापासून लावला होता. तासाभरात घरातली धुराची घंटा वाजली, शेजारी बाहेर आले. आम्ही त्या दिवशी कोळशाचं कवच फोडून आतलं खाल्लं. तेव्हा आत्याला मी फोनवर 'छान झालं' म्हणून सांगितलं होतं. आता खरं सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं. छान झालेलं माणूस इतक्या पटकन सांगत नाही."

अडीच तासांनी तिने भट्टी उघडायला लावली. कागद वर केला, लांब सुरी हाडापर्यंत खुपसली, दहा मोजले आणि पात्याचं टोक मनगटाला लावलं.

"झालं. काढ."

मी तापमापी लावली. 118 फॅरनहाइट. 48 सेल्सिअससुद्धा नाही.

"140 व्हायला हवं. म्हणजे 60 सेल्सिअस. सरकारी सांगणं आहे."

"तूच म्हणालीस की शिजलेलं आहे. शिजलेल्याला सरकार कशाला?"

तिचं तर्कशास्त्र बिनतोड होतं. बंद पाकिटातलं पूर्ण शिजवलेलं हॅम थंडही खाता येतं. सरकार फक्त म्हणतं की गरम करायचंच असेल तर 140 पर्यंत करा. दुकानात उघडून पुन्हा बांधलेलं असेल तर मात्र 165, म्हणजे 74 सेल्सिअस. मी तर्काला शरण गेले नाही, कारण कोमट चरबी टाळूला चिकटते. पण 140 च्या पुढे एक अंशही जाऊ द्यायचं नाही यावर मी हटून होते. गंमत म्हणजे त्या घटकेला आमची बाजू उलटली होती. कच्च्याचं पक्कं करणारी म्हणत होती बस झालं, आणि नुसतं गरम करणारी म्हणत होती अजून थोडं.

तापमापी 130 वर आली तेव्हा कागद काढला, भट्टी 400 वर नेली, म्हणजे 204 सेल्सिअस. गुळाचा पाक ब्रशने लावला. दहा मिनिटांनी पुन्हा. शंकरपाळ्यांच्या कडा आधी तपकिरी झाल्या, मग फुगून उलल्या, आणि मधल्या चिरांतून पाक ओघळून परातीत बुडबुडायला लागला. त्या दहा मिनिटांत भट्टीच्या काचेसमोरून आत्या हलली नाही. तिसऱ्या हाताला ब्रश तिनेच घेतला.

"आता."

मी पाहिलं. आता म्हणजे आताच. आणखी दोन मिनिटं आणि कडू झालं असतं.

बाहेर काढून पंधरा-वीस मिनिटं तसंच राहू दिलं. तेवढ्यात पाहुणे आले. त्यात महाराष्ट्र मंडळातलं एक शाकाहारी कुटुंब. त्यांच्यासाठी रताळी होती आणि आत्याने आणलेली सुकेळी, आगाशीकडची, उन्हात वाळवलेल्या राजेळी केळ्यांची. त्यांच्या लहान मुलीने सुकेळ्याचा तुकडा हातात धरून विचारलं की हे शिजवलंय का. आत्या म्हणाली, "उन्हाने," आणि माझ्याकडे अजिबात पाहिलं नाही.

टेबलावर तिने कडेचा, गुळाने काळपट झालेला तुकडा घेतला. मग आणखी एक, तोही कडेचाच. मधल्या गुलाबी भागाला ती शिवली नाही. "मधलं त्यांचं," ती म्हणाली. "कड आपली."

26 तारखेला सकाळी मी उठले तेव्हा हाड फ्रीजमध्ये नव्हतं. इथे त्याचं सोललेल्या वाटाण्याचं सूप करतात, आणि मी तसंच ठरवलं होतं. ओट्यावर मोठ्या भांड्यात हाड होतं, भोवती रात्रभर भिजवून सोललेले कडवे वाल, आणि शेजारी ती काळसर बिअरची बाटली, जिच्यात आत्याने वसईहून मसाला ठासून भरून आणला होता.

"रात्री कधी भिजवलेस?"

"तू ते उरलेलं डब्यात भरत होतीस तेव्हा." ती बाटली उलटी करून तळावर थाप मारत होती. मसाला सुटला, ढेकळासारखा भांड्यात पडला. मी सवयीने मिठाचा डबा पुढे केला.

तिने तो परत ढकलला. "ते यातच आहे. टोचलेलं."

दुपारी वाल नरम झाले. हाडाला चिकटलेले गुलाबी धागे रश्शात सुटून आले होते. तिने एक चमचा फुंकून चाखला, थोडा वेळ तोंडात धरला, आणि झाकण परत ठेवून आच बारीक केली.

"उद्या खाऊ," आत्या म्हणाली.